पंचाचं मन कोणाकडे?

धुऱ्याच्या भांडणात पंच बसले आणि त्यातला एक जण समोरच्याचा साळा निघाला, तर मोहगावात कोणीही म्हणेल, हे पंच उठवा, दुसरे बसवा. त्यासाठी कायदा शिकावा लागत नाही. पण नातं नाही, पैसा घेतलेला नाही, नुसतं मनच एकीकडे झुकलेलं आहे, मग काय करायचं? मागच्या सत्संगानंतर आम्हा सेवेकरी बायांमध्ये हा विषय निघाला तो ‘रुस्तम’ सिनेमावरून.

सिनेमात नायक सुटतो. ज्यावर तो बेतला आहे ती खरी हकीकत मात्र तिथं संपत नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. आहुजाशी असलेले संबंध पत्नीनं त्याच दिवशी कबूल केले होते. नानावटींनी बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आहुजांचं घर गाठलं. नंतर स्वतःहून पोलिसांकडे गेले.

तेव्हा आपल्याकडे ज्युरी होती, म्हणजे निकाल देणारे साधे नागरिक. नऊ जण बसले. आठांनी म्हटलं, निर्दोष. बाहेर ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक नानावटींची बाजू धडाक्यात मांडत होतं, लोक त्यांचा जयजयकार करत होते. न्यायाधीश रतिलाल मेहतांना मात्र हा कौल पुराव्याला धरून वाटला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टानं नवी ज्युरी न बसवता सगळा पुरावा स्वतः तपासला आणि १९६० मध्ये जन्मठेप दिली. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली.

आमच्यातल्या एकीनं विचारलं, “दया केली तर काय बिघडलं? माउली तर दयाच शिकवून राहिले ना?”

प्रश्न खरा आहे. पण त्या दयेत आहुजांच्या बहिणीला कुठं जागा होती? तिचा भाऊ गेला होता. आठ जणांनी जी क्षमा केली, ती त्यांची नव्हतीच. पुढं त्याच बहिणीनं, मेमी आहुजांनी, माफीला संमती लिहून दिली आणि राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी नानावटींना माफ केलं. शेवटी माणूस सुटलाच. पण आधी खून झाला हे ठरलं, मग जिचं नुकसान झालं तिनं हात सैल केला. आम्हाला हा क्रम फार मोठा वाटतो.

झुकलेलं मन उलटीकडेही जातं. अमेरिकेत डॉक्टर सॅम शेपर्ड यांच्यावर पत्नीच्या खुनाचा आरोप आला. वर्तमानपत्रांनी खटल्याआधीच त्यांना खुनी ठरवलं होतं. १९५४ मध्ये ज्युरीनं दोषी म्हटलं. १९६६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अशा गदारोळात निष्पक्ष खटला झालाच नाही. पुन्हा खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. मधली जवळजवळ दहा वर्षं तुरुंगात गेली होती.

आता आपल्याकडे ज्युरी नाही. पण पांढुर्णा-सौसरकडे कुठं काही घडलं की पोलीस पोचायच्या आत फॅमिली ग्रुपवर फोटो येतो, खाली “फाशी द्या” येतं, किंवा आरोपी ओळखीतला असला तर “पोरगा तसा नाही”. दोन्ही एकाच बोटानं. त्या पोराची आई कोणत्या तरी ग्रुपवर असते. मेलेल्याची बहीणही असते.

नानावटींच्या ज्युरीतला तो नववा माणूस आमच्या मनातून जात नाही. शहर एकीकडे, हा एकटा. घरी परतल्यावर त्याला लोक काय बोलले असतील? आपल्या ग्रुपवरही कधीतरी एखाद्या काकू लिहितात, “थांबा, अजून चौकशी व्हायची आहे.” त्यांना कोणी हात जोडल्याचं चिन्हसुद्धा पाठवत नाही.

॥ जय गुरुदेव ॥