सुभद्रेची डुलकी

अर्जुन चक्रव्यूहाची रचना समजावून सांगत होता, सुभद्रा ऐकत होती आणि तिच्या पोटातला अभिमन्यूही. आत कसं शिरायचं इथवर आलं आणि तिला डुलकी लागली. बाहेर पडायचा भाग राहिला तो राहिलाच. काही कीर्तनकार सांगणाऱ्याच्या जागी कृष्णाला बसवतात, पण झोपणारी प्रत्येक वेळी सुभद्राच असते. महाभारताच्या द्रोणपर्वात युद्धाच्या ऐन घाईत अभिमन्यू युधिष्ठिराला एवढंच म्हणतो, की व्यूह फोडायचं मला वडिलांनी शिकवलंय, संकट आलं तर बाहेर पडणं मला जमायचं नाही. तिथे आईच्या झोपेचं नावही नाही. शिकवायचं राहिलं बापाकडून आणि लोककथेने बोल लावला तो पोटुशी बाईला.

ही गोष्ट आठवली ती आमच्या थेरगावातल्या एका मुलीमुळे. चाकणच्या एका कंपनीत ती क्वालिटी विभागात आहे. आठवा महिना लागलाय. सकाळी डांगे चौकातून कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी चाकणच्या कोंडीतून सुटून भोसरी, नाशिक फाटा करत घरी यायचं. कुणीतरी तिला मोबाइलवर स्वसंमोहनाची रेकॉर्डिंग पाठवली आहेत. बाळंतपणाची भीती जावी, कळा सोसायला मन तयार व्हावं म्हणून रोज रात्री ऐकायची. रात्री भांडी आवरून ती आडवी होते, एक इअरफोन कानात घालते, दुसरा उशीवर तसाच लोंबत असतो. सासूने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. त्या आवाजातली बाई सांगते, डोळे मिटा, दहापासून मागे मोजा. "सातच्या पुढे मी कधी गेलेच नाही, काकू," ती मला म्हणाली. स्वयंपाकघरातून सासूबाई हसत म्हणाल्या, "आमची सुभद्रा झोपते लगेच!" बोलणं मायेचंच होतं. पण मुलीचा चेहरा उतरला. "मग हे सगळं ऐकलेलं फुकटच जातं का?" तिने मला विचारलं.

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायला जरा वेळ लागतो.

भीतीने अंग आखडतं, आखडलं की जास्त दुखतं आणि दुखलं की भीती आणखी वाढते. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने १९३०च्या दशकात हा फेरा मांडला. पुढे अमेरिकेत मेरी मोंगन यांनी १९८९मध्ये त्याला स्वसंमोहनाची जोड देऊन हिप्नोबर्थिंग नावाची पद्धत रूढ केली. संथ आवाज, लांब श्वास, कपाळापासून पायापर्यंत एकेक अवयव सैल सोडायचा, मग सूचना : कळ येते तशी ओसरते, तुझ्या शरीराला हे काम येतं. ऐकायला परकं काही नाही. आपल्याकडे शवासनात आणि योगनिद्रेत हेच थोडं वेगळ्या शब्दांत सांगतात. योगनिद्रा शिकवणारे तर आधीच बजावतात, झोपायचं नाही, जागं राहून ऐकायचं. त्या सूचनेनंतर निम्मा वर्ग घोरायला लागतो ते सोडा.

मराठी घराला गरोदर बाईच्या कानाशी काहीतरी लावून ठेवायची सवय जुनीच आहे. इथून तासा-दीड तासावर कार्ल्याला डॉ. बालाजी तांबे यांनी गर्भसंस्कारांचं जे काम केलं, त्याची पुस्तकं आणि सीडी पिंपरी-चिंचवडच्या किती घरांत पोचल्या असतील, मोजदाद नाही. पण त्या ऐकण्यात आणि या ऐकण्यात एक फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. गर्भसंस्काराचं संगीत बाळासाठी लावलेलं असतं, आई त्यातली मधली वाट. स्वसंमोहनाचं रेकॉर्डिंग आईसाठी आहे. तिला भीती वाटते, तिला दुखणार आहे, हे त्यात कुणीतरी मान्य करून तिच्याशी बोलतंय. नऊ महिन्यांत तिच्या वाट्याला आलेली ही बहुधा एकमेव गोष्ट, जी पोटातल्याच्या नावावर नाही.

आणि आपण काय करतो? आठवडाभरात तीही पोटातल्याच्या नावावर चढवतो. लोहाची गोळी घेतलीस का, कॅल्शियम घेतलंस का, चाललीस का, आणि आता : आज ऐकलंस का? कामांच्या यादीत एक काम वाढलं. जे ऐकून मन हलकं व्हायचं, तेच राहून गेलं म्हणून रात्री जीव टांगणीला. मला या रेकॉर्डिंगबद्दल तक्रार नाही. त्यांच्याकडे गृहपाठ म्हणून बघायच्या आपल्या सवयीबद्दल आहे.

तिला लगेच झोप लागते तो थकवा नाजूकपणाचा नाही, सरळ हिशोबाचा आहे. प्रसूती रजेच्या कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या आठवड्यांतून वजा. बाळ चार महिन्यांचं असताना पाळणाघर शोधत फिरायचं की सहा महिन्यांचं, हा हिशोब डोक्यात ठेवून बायका नववा लागेपर्यंत कामावर जातात. आमची ही मुलगीही तेच करते आहे. पूर्वी सातव्यात ओटी भरली की पहिलटकरीण माहेरी जायची. डोहाळजेवणाच्या गाण्यांत आणि फुलांच्या वाडीत आपण विसरून जातो, की त्या रिवाजाचा खरा अर्थ सासरच्या कामातून सुटका असा होता. (शेतातली आणि उसाच्या फडातली बाई तेव्हाही शेवटच्या दिवसापर्यंत राबत होती, आजही राबते. रिवाज सगळ्यांसाठी कधीच नव्हता.) या मुलीचं माहेर लातूरकडचं. ओटी भरली ती एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आणि सोमवारी सकाळी ती पुन्हा डांगे चौकात बसची वाट बघत उभी.

आता तिचा प्रश्न. झोपेत कानावर पडलेलं आत जिरतं का? एकेकाळी अमेरिकेत झोपेत भाषा शिकवणाऱ्या यंत्रांचं मोठं खूळ होतं. १९५६मध्ये सायमन आणि एमन्स या दोघा संशोधकांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूच्या लहरी नोंदवत त्यांना माहिती ऐकवली. लक्षात राहिलं ते लहरी जागेपणाकडे झुकलेल्या असतानाचं. खऱ्या झोपेत ऐकवलेलं सकाळी कुणाला सांगता आलं नाही. तेव्हा मी तिला खोटा धीर दिला नाही. सातच्या पुढे त्या बाईने जे सांगितलं, ते बहुतेक उशीनेच ऐकलं. स्वसंमोहन म्हणजे एका गोष्टीवर लक्ष एकवटणं, आणि लक्ष एकवटायला माणूस जागा लागतो.

पण पूर्ण जागं राहून, नेमाने ऐकणाऱ्या बायकांना तरी काय मिळालं? इंग्लंडमध्ये लँकेशायर भागात ६८० जणींवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१५मध्ये आले. ३२व्या आणि ३५व्या आठवड्याच्या सुमाराला एकेक वर्ग आणि घरी रोज ऐकायला सीडी. कळा सुरू झाल्यावर पाठीतून देण्याचं वेदनाशामक, म्हणजे एपिड्युरल, स्वसंमोहन शिकलेल्यांपैकी २७.९ टक्क्यांनी घेतलं, न शिकलेल्यांपैकी ३०.३ टक्क्यांनी. हा फरक योगायोगाने पडण्याइतकाच. डेन्मार्कमध्ये त्याआधी १,२२२ जणींवर तशीच चाचणी झाली होती आणि एपिड्युरलच्या बाबतीत तिथेही फरक पडला नव्हता. फरक पडला तो दुसरीकडे. डॅनिश बायकांनी बाळंतपणाचा अनुभव अधिक चांगला म्हणून सांगितला. लँकेशायरच्या बायकांनी आधी जितकी भीती धरली होती, प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी वाटली. म्हणजे रेकॉर्डिंग कळा काढून घेत नाही. कळांची भीती थोडी सुसह्य करतं. मला हे कमी वाटत नाही. पण यासाठी झोप मोडून बसावं इतकंही ते मोठं नाही.

कारण झोपेच्या पारड्यात वजन जास्त आहे. २००४मध्ये कॅलिफोर्नियात कॅथरिन ली आणि कॅरिल गे यांनी १३१ पहिलटकरणींच्या नवव्या महिन्यातल्या झोपेची नोंद ठेवली. रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांच्या कळा लांबल्या, आणि त्यांच्यात सिझेरियनची शक्यता साडेचार पट निघाली. अभ्यास लहान आहे, आणि झोप कमी म्हणूनच सिझर झालं असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही. तरी दिशा कळते. आपल्या देशात खासगी रुग्णालयांतल्या शंभर बाळंतपणांपैकी ४७ सिझेरियनने होतात असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. त्याची कारणं अर्थात बायकांच्या झोपेच्या पलीकडची आहेत, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. पण ज्या मुलीला पहाटे साडेपाचला उठून डबा करायचाय, तिला सातच्या आकड्यावर झोप लागत असेल तर त्या बाईच्या आवाजाने आपलं काम केलं असंच मी धरेन.

तिला मी एवढंच सुचवलं. सराव करायचाच असेल तर रात्री आडवं होऊन नको, ती वेळ झोपेची. सुट्टीच्या दिवशी दुपारी, खुर्चीत पाठ टेकून, दहा मिनिटं. बाकी दिवशी नाही जमलं तर नाही. रात्री लावायचं तर झोप यावी म्हणून लाव आणि शेवटपर्यंत ऐकल्याचा हिशोब ठेवू नकोस. आणि एक गोष्ट मी जरा जोर देऊन सांगितली : या रेकॉर्डिंगमध्ये शवासनाच्या सवयीने 'पाठीवर सरळ पडा' म्हणतात, ते ऐकायचं नाही. २८व्या आठवड्यानंतर गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या शिरेवर येतो, म्हणून झोपताना कुशीवर झोपावं, डावीकडे असेल तर उत्तम. रात्री जाग आली आणि पाठीवर असलीस तर घाबरू नकोस, कूस बदल. बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून गेलं, पाणी गेलं, तर मात्र श्वास मोजत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. कळा आणि धोका यांतला फरक कुठलंही रेकॉर्डिंग ओळखत नाही.

संमोहनाच्या इतिहासातली एक आपल्याच देशातली गोष्ट मला यात हटकून आठवते. १८४५मध्ये कलकत्त्याजवळच्या हुगळीला जेम्स एस्डेल हा स्कॉटिश सर्जन मेस्मेरिझमने गुंगी आणून मोठमोठ्या शस्त्रक्रिया करायचा. क्लोरोफॉर्म यायला अजून दोन वर्षं होती. पण गुंगी आणायचं काम बहुतेक वेळा तो स्वतः करत नसे. रुग्णाच्या उशाशी बसून तासन् तास अंगावरून हात फिरवायचे ते इस्पितळातल्या भारतीय मदतनिसांनी. थकायचे ते. रुग्णाने फक्त पडून राहायचं. शास्त्र म्हणून त्यातलं किती टिकलं हा वेगळा प्रश्न, पण कामाची ती वाटणी मला पटते. आता तो मदतनीस मोबाइलमध्ये गेला, आणि मोबाइल लावायचा कुणी, चार्ज करायचा कुणी, जागं राहायचं कुणी? तिनेच.

म्हणून मी तिच्या नवऱ्याला गाठलं. तोही कंपनीतलाच, सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा येतो. त्याला म्हटलं, ते रेकॉर्डिंग तू ऐक. बसमध्ये ऐक, दोन्ही कानांत घालून. त्यातली चार-पाच वाक्यं पाठ कर, श्वास कसा मोजतात ते शिक. बाळंतपणाच्या खोलीत मोबाइल चालेल की नाही, बॅटरी उरेल की नाही, सांगता येत नाही. सोबतीचं माणूस मात्र आत असू शकतं : केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६मध्येच सरकारी रुग्णालयांतही तशी मुभा दिलीय, आणि जागतिक आरोग्य संघटना तर ती शिफारस आवर्जून करते. सगळीकडे पुरुषाला आत घेतातच असं नाही, बाकीच्या बायकांना आडोसा नसतो, तेव्हा आधी जाऊन विचारून ठेव. नाही म्हणाले तर सासूबाईंना शिकव.

सासूबाई म्हणाल्या, "मला काय शिकवायचंय, माझी दोन बाळंतपणं झालीत." मग थोड्या वेळाने विचारलं, "कितीपासून मागे मोजायचं म्हणालात?"