कुलमुखत्यार

सदाशिव पेठेत एक निवृत्त बेलीफ राहत. पुण्यात १९८९ साली कौटुंबिक न्यायालय सुरू झालं, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी तिथलीच समन्सं आणि वॉरंटं बजावली. पोटगी थकवलेला नवरा आतल्या खोलीत असायचा आणि त्याची आई दार अडवून "तो इथं राहत नाही" म्हणायची. हे "पत्त्यावर आढळ नाही" असा शेरा मारून सायकल वळवायचे. आईच ती, काय करणार, असं म्हणून सोडून द्यायचे.

एके सकाळी त्यांच्याच दारात तरुण बेलीफ उभा राहिला. "काका, तुमच्या चिरंजीवांच्या नावाची नोटीस आहे. पोटगी वसुलीची दरखास्त."

मुलगा न्यू जर्सीत, सून नातीला घेऊन धायरीला माहेरी. दोघींसाठी महिना पंचवीस हजार ठरले होते. सुरुवातीचे काही हप्ते आले, मग बंद पडले.

आतून आजी कुजबुजल्या, "अहो, सांगा ना, पत्ता ठाऊक नाही म्हणून."

आजोबांनी मुलाचा पत्ता लिहून दिला आणि रात्री त्याला फोन लावला.

"बाबा, तुम्ही उगाच घाबरता. तिथला हुकूम इथं चालत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. परस्परांचे दिवाणी हुकूमनामे मानण्याची जी व्यवस्था भारताने काही देशांशी केली आहे, तिच्यात ब्रिटन आहे, सिंगापूर आहे, २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीही आहे. अमेरिका नाही. सुनेला तिथल्या न्यायालयात नव्याने उभं राहावं लागलं असतं, वकिलाची फी डॉलरमध्ये मोजून.

"आणि कोथरूडचा फ्लॅट?" आजोबांनी विचारलं.

"त्याचं काय? तो कुणाला माहितेय?"

फ्लॅट सून घर सोडून गेल्यावर घेतलेला. नागपूरहून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगून ठेवलं आहे की, पोटगीच्या दाव्यात नवरा-बायको दोघांनीही मालमत्ता, उत्पन्न आणि देणी शपथेवर जाहीर करायची. पोटगीचा हुकूम पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येईल, हेही त्याच निकालात आहे. मुलाच्या शपथपत्रात हा फ्लॅट नव्हता. त्याचं भाडं कुलमुखत्यार म्हणून आजोबाच गोळा करत आणि मुलाच्या खात्यात भरत.

फोन ठेवल्यावर त्यांनी नोटिशीच्या पाठीवर दोन आकडे मांडले. भाडं अठ्ठावीस हजार, पोटगी पंचवीस. नातीच्या वाट्याचे पैसे दर महिन्याला त्यांच्याच हातून बापाच्या खात्यात जात होते.

दुसऱ्या दिवशी फ्लॅटच्या खरेदीची नोंद दाखवणारी इंडेक्स टूची प्रत आणि भाडेकरार घेऊन ते शिवाजीनगरला सुनेच्या वकीलबाईंकडे गेले. पुढचं त्यांना पाठ होतं: जप्तीचा हुकूम, फ्लॅटच्या दारावर डकवलेली प्रत, भाडेकरूला भाडं न्यायालयात भरण्याचा आदेश. यथावकाश तसंच घडलं आणि सुनेला थकलेली रक्कम मिळू लागली.

मुलाचा फोन आला. "तुम्ही माझे बाप आहात ना?"

"आहे. आणि तुझ्या मुलीचा आजोबा आहे. तुझ्या वतीने आजवर सह्या मी केल्यात. एवढं पाप पुष्कळ झालं. आता मुखत्यारी सोडतोय."

त्यानंतर मुलाचे फोन बंद झाले. आजींनी बरेच दिवस अबोला धरला. शेजारचे जोशीकाका तर तोंडावरच म्हणाले, "पोटच्या पोराविरुद्ध गेलात?"

"जोशी, नोकरीभर मी समजत होतो की हुकूम नवराच मोडतो. दार अडवणारी ती आईही मोडत होती. तिचं मी शेऱ्यावर निभावून नेलं. कुठल्या तरी सुनेला त्या शेऱ्यापायी पुन्हा तारीख पडली असेल, तेवढा विचार केला नाही. माझ्या दारात तोच खेळ मला नको होता."

तात्पर्य: न्यायालयाचा हुकूम एकट्याने मोडणारा माणूस क्वचितच सापडतो. त्याचा पत्ता लपवणारं, त्याच्या मालमत्तेची राखण करणारं घर मागे असतं. देशादेशांतले करार व्हायचे तेव्हा होतील. घराने हात काढून घेण्यासाठी कोणत्याही कराराची वाट पाहावी लागत नाही.