पडलेल्या गड्याला हात
(शास्त्रभाग : २ तीमथ्य २:५)

पौल प्रेषित तीमथ्याला आखाड्याचा दाखला देऊन बजावतो कीं, जो नियम मोडतो त्याच्या मस्तकीं जयाचा मुगुट चढत नाहीं.

स्कॉटिश धांवपटु एरिक लिडेल ह्यांनीं १९२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत १०० मीटरांची शर्यत सोडली. कारण तिची पहिली फेरी रविवारीं होती. मग ४०० मीटरांच्या शर्यतींत ४७.६ सेकंदांत धांवून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. पुढें ते मिशनरी होऊन चीनला गेले.

दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांनीं त्यांना वेइशियन येथील छावणींत कोंडलें. तेथें शाळेचीं मुलें पुष्कळ होतीं. त्यांचे खेळ लिडेल चालवीत. पण रविवारीं नाहीं. एका रविवारीं मुलें पंचावांचून हॉकी खेळलीं आणि खेळाची मारामारी झाली. पुढल्या रविवारीं लिडेल स्वतः पंच होऊन मैदानांत उभे राहिले! जो दिवस त्यांनीं स्वतःच्या पदकासाठीं मोडला नाहीं, तो भांडणाऱ्या लेंकरांसाठीं दिला. स्वतःच्या मानासाठीं नियम वांकवूं नये, पण दुसऱ्याच्या हितासाठीं खालीं उतरावें, हेंच पुढारीपण. १९४५ च्या फेब्रुवारींत, सुटकेपूर्वींच, ते त्या छावणींत प्रभूकडे गेले.

आपलीं मुलें हायस्कुलांत हुतूतू, खोखो खेळून घरीं येतात, तेव्हां आपण 'जिंकलास का?' एवढेंच पुसतों. त्याऐवजीं असें पुसा : पंचाला दिसलें नसतांही आपण होऊन बाद झालास का? पडलेल्या गड्याला हात दिलास का?

प्रभु आपल्या लेंकरांना असें खेळावयास शिकवो. आमेन.