गर्दीतला एक स्पर्श



विरार ते चर्चगेट या लोकल प्रवासाचे अनेक व्हिडिओ इंटरनेटवर आहेत. आपल्यापैकी पुष्कळांनी ते मोबाइलवर पाहिले असतील. काहींमध्ये कॅमेरा मोटरमनच्या केबिनमध्ये, समोरच्या काचेशी असतो. नालासोपारा, वसई रोड, नायगाव मागे पडते. मग खाडीवरचा पूल, दोन्ही बाजूंना पाणी, वाटेत पाणजू बेट आणि पलीकडे भाईंदर. सुमारे ६० किलोमीटरचा हा प्रवास घरी बसून पाहताना मन रमते. आखाती देशांत किंवा कॅनडात गेलेल्या आपल्या मुलांना तर तो पाहून घराची आठवण येते. त्यात गैर काहीच नाही.

मात्र एक प्रश्न आपण स्वतःला विचारू या. ज्या गाडीला आपण रोज सकाळी कंटाळतो, तीच गाडी पडद्यावर इतकी का आवडते? उत्तर सोपे आहे. पडद्यावरच्या गाडीत धक्का लागत नाही, कोणी पायावर पाय देत नाही, कोणी जागा मागत नाही. तेथे रूळ आहेत, स्थानके आहेत, आकाश आहे. शेजारी मात्र नाही.

गाब्रिएल मार्सेल हे विसाव्या शतकातील फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ. पहिल्या महायुद्धात ते रेड क्रॉसचे काम करीत. बेपत्ता सैनिकांची चौकशी करायला घरची माणसे त्यांच्याकडे येत. कार्यालयात त्या सैनिकांची कार्डे होती. पण समोर एखादी आई किंवा पत्नी येऊन बसली, की ते नुसते कार्ड राहत नसे. त्यामागचा जिवंत माणूस उभा राही. या अनुभवाचा त्यांच्या चिंतनावर खोल ठसा उमटला. जीवनाचा प्रेक्षक होणे वेगळे आणि जीवनात सहभागी होणे वेगळे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडले. प्रेक्षकाला सर्व काही दिसते, पण त्याच्यावर कोणाचा हक्क चालत नाही.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय आठवा. प्रभू येशू याइरच्या घरी निघाला आहे. मुलगी मरणाच्या दारात आहे, म्हणजे घाई आहे. चारी बाजूंनी लोक त्याला चेंगरत आहेत. त्या गर्दीत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री मागून येते आणि त्याच्या वस्त्राला हात लावते. येशू थांबतो आणि विचारतो, हा स्पर्श कोणाचा? शिष्यांना नवल वाटते. एवढ्या रेटारेटीत असले विचारणे! पण येशूसाठी गर्दी म्हणजे नुसती गर्दी नव्हती. शेकडो धक्क्यांतून त्याने एका दुःखी जिवाचा स्पर्श ओळखला. घाईत असूनही तो थांबला आणि त्याने तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली.

आपल्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसे उभी असतात. शरीरे इतकी जवळ, मग मने किती दूर असावीत? विरार गाडीत बोरिवलीचा प्रवासी चढला, तर त्याला दारातून आत सरकू न देणारे गट आपण पाहतो. वाद होतात, हातही उगारले जातात. आणि त्याच गाडीत तीन जणांच्या बाकावर सरकून चौथ्याला जागा देणारी माणसेही आहेत. ‘चौथी सीट’ कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. ती माणुसकीने निर्माण केली आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील गरीब लोक धावत आले आणि जखमींना घरातल्या चादरींत घालून त्यांनी उचलून नेले. कोणाची जात, कोणाचा धर्म, हे विचारायला कोणी थांबले नाही. ती माणसे प्रेक्षक राहिली नाहीत.

बंधू-भगिनींनो, ही परीक्षा गाडीतच होते असे नाही. मिस्सेला उशिरा आलेला माणूस बाकाच्या कडेशी उभा राहतो आणि आपण आत सरकत नाही, तेव्हाही आपण चौथी सीट नाकारलेली असते. ज्या ख्रिस्ताचे शरीर आपण वेदीवर स्वीकारतो, तोच ख्रिस्त आपल्याकडे वीतभर जागा मागत असतो.

उद्या सोमवार. पहाटेच्या गाडीत भाजीची पाटी सांभाळत उभी असलेली मावशी असेल, रात्रपाळी करून झोपेने पेंगणारा मुलगा असेल, पहिल्यांदाच नोकरीला निघालेली आणि गर्दीला घाबरलेली एखादी मुलगी असेल. सर्वांसाठी आपण काही करू शकणार नाही. पण एका माणसासाठी थोडे सरकू शकतो, एकाची पिशवी रॅकवर ठेवू शकतो, उतरणाऱ्याला वाट देऊ शकतो.

गर्दीत एका स्त्रीसाठी थांबलेला प्रभू येशू आपल्याला एका माणसासाठी थांबण्याची कृपा देवो. आमेन.