गमावलेल्याची भरपाई

लातूर आणि नांदेड या आमच्या दोन शहरांत अपयशाचा विचार परीक्षेच्या भाषेत करण्याची वहिवाटच पडली आहे. ‘नीट’ला गुण कमी पडले, की मुलगा ‘रिपीट’ करतो. तीच पुस्तके, तोच अभ्यासक्रम, आणखी एक वर्ष, आणि उणे पडलेले गुण पदरात पडले की नुकसानीची भरपाई झाली, असे घरादाराला वाटते. परीक्षेपुरते ते खरेही आहे. परंतु जे गेले ते कदापि परत मिळणार नाही, अशी हानी ज्याच्या वाट्याला येते, त्याने पुन्हा उभे राहावे म्हणजे नेमके काय करावे, हा प्रश्न गुणपत्रिकेने सुटत नाही. तो मुळात अध्यात्माचा प्रश्न आहे.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडपुढे तो २५ डिसेंबर २००९ रोजी उभा राहिला. मांडी घालून तबला वाजवणारा आणि त्याच बैठकीत गाणारा अशीम चक्रवर्ती त्या दिवशी गेला. पुढल्या वर्षी, त्याच्या हयातीत ध्वनिमुद्रित झालेली गाणी ‘१६/३३० खजूर रोड’ या नावाने, कोणा कंपनीच्या हवाली न करता, दरमहा एक याप्रमाणे विनामूल्य रसिकांपुढे ठेवली गेली. एकट्या अशीमच्या जागी दोघे आले, तुहीन चक्रवर्ती तबल्याला आणि हिमांशू जोशी गायनाला. आणि २०१४ साली ‘तंदानू’ हा नवा अल्बम निघाला. दुसरा अशीम शोधण्याचा अट्टाहास त्यांनी केला नाही, हेच मला त्या पुनरागमनाचे मर्म वाटते.

आपल्या कुमार गंधर्वांचे उदाहरण याहून कठोर आहे. ऐन उमेदीत क्षयाने गाठले, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले, आणि देवासच्या अंथरुणावर गाणे वर्ज्य ठरले. १९५३ च्या सुमारास ते मैफिलीत परतले, तेव्हा पडल्या पडल्या कानांवर आलेली माळव्याची लोकगीते आणि कबीराचे निर्गुण यांची जोड त्यांच्या गाण्याला लाभत गेली. श्वासाची मर्यादा त्यांनी निमूटपणे कबूल केली, आणि त्या कबुलीतूनच त्यांच्या लहान, धारदार स्वरवाक्यांना तेज चढले, अशी माझी श्रद्धा आहे.

या श्रद्धेचा सर्वांत मोठा आधार मला नांदेडातच सापडतो. १७०८ साली याच गोदातीरी गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा समाप्त करून ग्रंथाला गुरुपद दिले. शीख समाजाच्या मुख्य प्रवाहाने अकरावा देह शोधला नाही. आजही हजूर साहिबात रागी पेट्या आणि तबला घेऊन बसतात, आणि रागवार लावलेल्या त्या ग्रंथातील शबद गातात. त्यांत आमच्या नरसीच्या नामदेवांचे ६१ आहेत, कबीराचे त्याहून कितीतरी अधिक. देह गेला, शब्द उरला, आणि उरलेल्यालाच पूर्ण मानण्याचे धैर्य एका समाजाने तीन शतके निष्ठेने सांभाळले.

गेलेले जसेच्या तसे परत आणणे ही आसक्ती होय; उरलेल्यातून नवे उभारणे ही साधना होय. म्हणून एखादा बँड मोठ्या आघातानंतर नवा अल्बम घेऊन येईल, तेव्हा रसिकांनी तो जुन्याच्या तराजूत घालू नये. आणि नांदेड-लातूरच्या ज्या मुलांना एका निकालाने आयुष्य संपल्यासारखे वाटते, त्यांनी काय गेले याचा हिशेब एकदा मांडून मिटवावा, आणि काय उरले आहे ते शांतपणे पाहावे; पुढचे काम तेथूनच सुरू होते.