सीमेवरील अवस्था आणि वगळण्याचा प्रश्न

नागपूरहून दुर्गकडे जाताना राजनांदगाव मागे पडले की काही लहान स्थानके लागतात. त्यांतलेच एक रसमडा. जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. प्रवाशाला दिसतात ती कारखान्यांची धुराडी आणि त्यांच्या पलीकडची शेते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी या स्थानकावर उतरलो तो एका दिवंगत मराठी कवीची हस्तलिखिते पाहण्यासाठी. शाळामास्तरकीत आयुष्य घालविलेल्या या कवीची पत्नी तेथे राहत होती. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी असा त्या घराचा व्यवहार होता. त्यांनी मला चार वह्या दिल्या. त्यांपैकी तीन माझ्या प्रबंधात आल्या, चौथी आली नाही. ती का आली नाही, हा या लेखाचा विषय आहे. मात्र त्याकडे मी एका आडवाटेने, पदार्थविज्ञानाच्या वाटेने, जाणार आहे. त्या शास्त्रात मला गती नाही. पण तेथील एका कल्पनेने गेली काही वर्षे माझा पिच्छा सोडलेला नाही.

काही धातू अतिशय थंड केले असता त्यांचा विद्युत्‌रोध नाहीसा होतो, हे कामरलिंग ऑनेस यांना 1911 मध्ये लायडन येथे पाऱ्याच्या बाबतीत आढळले. या अतिसंवाहक अवस्थेची समाधानकारक उपपत्ती 1957 मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दिली. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन एकेकटे वाहत नाहीत, जोडीने वाहतात. आणि एका विशिष्ट मर्यादेपेक्षा कमी ऊर्जेच्या एकट्या इलेक्ट्रॉनाला आत जागाच नसते. मग साध्या धातूतून असा एकटा इलेक्ट्रॉन अतिसंवाहकाच्या सीमेपाशी आला, तर त्याचे काय होते? आलेक्सांद्र आंद्रेयेव या तरुण सोव्हिएत शास्त्रज्ञाने 1964 मध्ये याचे उत्तर दिले. तो इलेक्ट्रॉन आणखी एका इलेक्ट्रॉनाला सोबत घेतो, ती जोडी आत शिरते, आणि त्या दुसऱ्याच्या जाण्याने धातूत जी उणीव उरते ती, ज्या वाटेने इलेक्ट्रॉन आला होता त्याच वाटेने, मागे फिरते. आरशावर तिरपा पडलेला किरण दुसऱ्या बाजूस निघून जातो. येथे मात्र आलेला मार्गच परतीचा मार्ग होतो. परत येते ते न-असणे. शास्त्रज्ञ त्याला छिद्र म्हणतात.

आता धातूचा एक पातळ थर दोन अतिसंवाहकांच्या मध्ये ठेवला आहे असे समजा. एका सीमेवरून छिद्र परतते, दुसऱ्या सीमेवर जाऊन पुन्हा इलेक्ट्रॉन होऊन येते, आणि ही येरझार थांबत नाही. तिच्यातून जी स्थिर अवस्था उभी राहते तिला आंद्रेयेव बद्ध अवस्था म्हणतात. ती पूर्णपणे इलेक्ट्रॉनाची नाही, छिद्राचीही नाही. आणि प्रत्येक फेरीगणिक एक जोडी एका अतिसंवाहकातून दुसऱ्यात पोचलेली असते. दोन्ही तीरांना जोडणारा प्रवाह या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या अवस्थेवर चालतो.

त्याच 1964 साली गजानन माधव मुक्तिबोध निवर्तले. अखेरची वर्षे त्यांनी राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापन करीत काढली. घर मराठी, काव्य हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीत लिहीत. त्यांच्या पूर्वी याच प्रदेशात मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. यांना सीमेवरील बद्ध अवस्था म्हणण्याचा मोह मला होतो. पण उपमा हे प्रमाण नव्हे, आणि समीक्षकाने भौतिकीची झूल पांघरून आपली मते भारदस्त करणे हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. म्हणून ती उपमा येथेच सोडतो. मला हवी आहे ती छिद्राची गोष्ट.

उणीव ही वस्तू आहे काय? आपल्याकडे हा वाद जुना आहे. वैशेषिकांच्या परंपरेने पुढे अभावाला सातवा पदार्थ मानले. प्राभाकर मीमांसकांनी ते नाकारले. रिकाम्या जमिनीवर घट नाही हे मला दिसते, तेव्हा मला फक्त जमीन दिसते की घटाचा अभावही दिसतो? नैयायिक म्हणतो, अभावही दिसतो. मात्र तो एक अट घालतो : अभाव नेहमी कशाचा तरी आणि कोठे तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जेथे अभाव ते अधिकरण. झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची पाने चाळताना विद्यार्थिदशेत ही काटेकोर विभागणी मला शब्दच्छल वाटली होती. प्रवाह वाहून नेणारे, मोजता येणारे छिद्र कळल्यावर तसे वाटेनासे झाले.

या सीमेवरच्या अवस्थांनी अलीकडे एक नैतिक प्रसंगही उभा केला. एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने 1937 मध्ये असा कण कल्पिला की जो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल. पुढच्याच वर्षी तो स्वतः नाहीसा झाला. अर्धसंवाहकाची अतिसूक्ष्म तार अतिसंवाहकाला जोडल्यास तिच्या टोकांशी इलेक्ट्रॉन आणि छिद्र समसमान असलेली तशी अवस्था मिळावी, असे सिद्धान्त सांगतो. तिची खूण म्हणजे शून्य विद्युत्‌दाबावर संवाहकतेचे एक ठरावीक उंचीचे शिखर. ते दिसल्याचे 2018 मध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केले. अडचण अशी की साधी आंद्रेयेव अवस्थाही शून्याजवळ येऊन हुबेहूब तेच सोंग घेऊ शकते. पुढे सर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मुरिक या दोघा शास्त्रज्ञांनी मूळ नोंदी मागवून पाहिल्या, तेव्हा छापलेल्या आलेखांतून काही भाग गाळलेला आढळला. तो धरला तर दावा टिकत नव्हता. 2021 मध्ये निबंध मागे घेण्यात आला. तज्ज्ञांच्या समितीचा अभिप्राय साधारण असा की संशोधक शोधाच्या उत्साहात वाहून गेले. यातला मुरिक एके काळी त्याच प्रयोगशाळेत काम केलेला, 2012 च्या तिथल्या गाजलेल्या निबंधाचा पहिला लेखक, हे मला विशेष वाटते.

शिंपल्यावर रुपे दिसते, याची मीमांसा आपल्या दर्शनांनी किती परींनी केली! नैयायिकाच्या मते रुपे खरेच असते, पण अन्यत्र. प्राभाकराच्या मते भ्रम असा नसतोच, असते ते दोन ज्ञानांमधील भेदाचे अग्रहण. मला दुसरे मत या प्रसंगी अधिक मार्मिक वाटते. येथे कोणी खोटे आकडे रचले नव्हते. दिसले ते खरे होते. न दाखविलेलेही खरे होते. दोहोंमधला भेद तेवढा नजरेआड झाला.

याच्या शेजारी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एक काम ठेवून पाहावे. बिस्मथ हा धातू निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या सहस्रांश अंशाच्या आसपास, नेमके 0.53 मिलिकेल्व्हिनला, अतिसंवाहक होतो, असे तेथील गटाने 2017 मध्ये प्रसिद्ध केले. रूढ उपपत्तीला हे पचण्याजोगे नव्हते. म्हणून स्फटिक अतिशुद्ध हवा, नाहीतर गुण भेसळीचा निघेल. पृथ्वीचे चुंबकत्वही अडवायला हवे, कारण तेवढ्यानेही ही नाजूक अवस्था मोडते. आपल्याला हवे ते दिसते आहे, म्हणूनच ते आणखी कशामुळे दिसत असेल याचा आधी शोध घ्यायचा, ही ती शिस्त.

साहित्यात ही शिस्त लागू आहे का? समीक्षकाचे कामच निवडण्याचे; हा लेख ज्या संग्रहात येत आहे तोही निवडीनेच झाला. दहा हजार ओळींतून शंभर उद्धृत करणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. मग फरक कोठे? मला वाटते, नैयायिकाची अट येथे उपयोगी पडते. मी काय वगळले आणि कोठून वगळले, हे सांगितले की त्या अभावाला प्रतियोगी आणि अधिकरण मिळते. वाचक तो तपासू शकतो. न सांगता गाळले, तर वाचकाच्या लेखी उणीवच उरत नाही, सारे भरीव दिसते. गाळण्यात दोष नाही. गाळल्याची खूण पुसण्यात आहे. मात्र या निकालावर मी स्वतः सुटत नाही.

त्या कवीची मराठी कविता हिंदी आणि छत्तीसगढीच्या सहवासाने घडली, असा माझा सिद्धान्त होता. तीन वह्यांत त्याला भरपूर आधार होता. चौथीत, अखेरच्या वर्षांतल्या, निर्भेळ पंडिती वळणाच्या, ओव्या आणि श्लोक होते; भोवतालच्या बोलीचा एक शब्द नाही. ते मला उतारवयातले शैथिल्य वाटले, असे मी स्वतःला सांगितले. तळटीपही दिली नाही. प्रबंधाचे पुस्तक झाले, त्याची वाखाणणी झाली. पुढे एकदा वह्या परत करायला रसमड्याला गेलो, तेव्हा त्या बाई चहा ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, “भाऊ, त्या शेवटच्या वहीतलं काही दिसलं नाही तुमच्या पुस्तकात. ती त्यांची सगळ्यात आवडती हो.” स्वरात तक्रार नव्हती. मी काहीतरी पुटपुटलो, आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो.

पुस्तकाची नवी आवृत्ती आता निघते आहे. चौथ्या वहीच्या कविता परिशिष्टात जशाच्या तशा द्याव्यात, आणि त्या पूर्वी का आल्या नाहीत हे प्रस्तावनेत लिहावे, असे मी प्रकाशकांना कळविले आहे. परिशिष्टाची मुद्रिते कालच तपासून झाली. त्यांच्यासमोर तिसरे प्रकरण उभे राहत नाही, हे मला दिसते आहे. ते काढावे, की चुकीसकट तसेच ठेवावे, हे अद्याप ठरलेले नाही.