वाड्याला पाहुणे हवेत

माळवदाचे घर रिकामे ठेवता येत नाही. लाकडी तुळया, त्यांवर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे छत. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चढवावी लागते, उगवलेले गवत उपटावे लागते, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. घराला कुलूप लागले की ही कामे थांबतात. मग पाणी तुळयांत मुरते, तुळई कुजते आणि एका पावसात चौकाची बाजू खाली येते. सोलापूरच्या जुन्या पेठांत असे पडके चौक जागोजागी दिसतात. उरलेले वाडे वाचवायचे असतील तर त्यांत माणसे राहायला हवीत, आणि आजच्या काळात ती माणसे पाहुणे असू शकतात, असे मला ठामपणे वाटते.

पाहुण्यांची सोलापूरला कधीच वाण नव्हती. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि गाणगापूर या तीर्थांच्या मधोमध हे शहर आहे. चादरी-टॉवेलचे व्यापारी येतात, कर्नाटकातून आणि धाराशिवकडून रुग्णांचे नातेवाईक येतात. फेब्रुवारी 2023 पासून मुंबईहून वंदे भारत येते, 2025 पासून गोव्याचे विमानही सुरू झाले. ही माणसे स्टेशनजवळच्या लॉजमध्ये किंवा होटगी रोड, विजापूर रोड आणि आमच्या जुळे सोलापूरकडच्या नव्या हॉटेलांत उतरतात. तिथे सोय असते. पण खिडकीचा पडदा ओढला की ती खोली नागपूरची की नाशिकची, हे कळत नाही. पाहुणा देवदर्शन करून निघून जातो, सोलापूर त्याला भेटतच नाही.

जुन्या घरांत पाहुणे उतरवून ती कशी राखता येतात, हे नेदरलँड्समध्ये दिसते. तिथल्या ॲम्स्टरडॅम, डेल्फ्ट, लायडन या शहरांत कालव्याकाठची सतराव्या शतकातली व्यापाऱ्यांची घरे आज छोटी हॉटेले झाली आहेत. दर्शनी बाजू अरुंद, जिना शिडीसारखा उभा. सामान वर चढवायला माथ्यावर आकडा लावलेली तुळई. अनेक ठिकाणी लिफ्ट नाही, तरी लोक आवडीने राहतात. मात्र ही घरे निव्वळ लोकांच्या हौसेवर वाचली नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्याला ॲम्स्टरडॅमच्या जुन्या वस्त्याही ढासळत होत्या. 1956 मध्ये तिथे ‘स्टाड्सहेरस्टेल’ ही कंपनी निघाली. पडकी घरे विकत घ्यायची, दुरुस्त करायची, भाड्याने द्यायची आणि भागधारकांनी मर्यादित लाभांशावर समाधान मानायचे, असा तिचा व्यवहार. 1961 मध्ये स्मारकांचा कायदा झाला. 1985 मध्ये दुरुस्तीसाठी कमी व्याजाने कर्ज देणारा राष्ट्रीय निधी उभा राहिला. फेडीचे पैसे पुढच्या घराच्या कामी येतात. त्या छोट्या हॉटेलमागे अशी सगळी व्यवस्था उभी आहे.

आपल्याकडे जे वाचले ते बहुधा सरकारी हाती गेल्यामुळे. अप्पासाहेब वारदांची इंद्रभुवन ही इमारत महापालिकेचे कार्यालय झाली म्हणून टिकली. भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे घर स्मारक झाले म्हणून राहिले. ही दोन्ही कामे मोलाची आहेत. पण महापालिका प्रत्येक वाडा घेऊ शकणार नाही आणि प्रत्येक घराचे संग्रहालय होणार नाही. सामान्य वाड्याचे दुखणे वेगळेच असते. वारस अनेक, त्यांतले निम्मे पुण्या-मुंबईला. पुढच्या खोल्यांत जुने भाडेकरू. आणि बँक कर्ज देताना मोल धरते ते जागेचे, बांधकामाचे नव्हे. अशा वेळी बिल्डरने फ्लॅट देऊ केले तर नाही म्हणायला कारण उरत नाही. ते कारण कमाईच्या रूपाने मिळाले पाहिजे. पणजीच्या फोंतान्यश वस्तीत एकोणिसाव्या शतकातल्या घरांत चालणारी निवासस्थाने पाहिली की हे जमते, याची खात्री पटते. राज्याच्या पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ योजनाही आहेच.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, पाहुण्यांपायी वस्तीच बदलते. तो खरा आहे. ॲम्स्टरडॅमला 2019 पासून घर पर्यटकांना वर्षात 30 रात्रींपुरतेच देण्याची मर्यादा घालावी लागली आणि 2024 मध्ये नव्या हॉटेलांवर कडक बंधने आणावी लागली. म्हणून आपण आधीच नियम करावा: मालकाचे कुटुंब त्याच वाड्यात राहिले पाहिजे आणि पाहुण्यांच्या खोल्या मोजक्याच असाव्यात.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. वाडा ही विषमतेचीही वास्तू होती. ओसरीपर्यंत कोणी यायचे, माजघरापर्यंत कोणी आणि उंबऱ्याबाहेर कोणी थांबायचे, हे जात ठरवत असे. वाडा जपताना ती उतरंड जपायची नाही. पैसे भरून आलेल्या कोणालाही आडनाव न विचारता माजघरात झोपता आले, तरच तो वाडा राखण्याच्या लायकीचा. आणि जपायचे ते फक्त शेठ-सावकारांचे वाडे नकोत. साखर पेठेतले, कन्ना चौकाजवळचे तेलुगू विणकरांचे मागाचे घरही तितकेच सोलापूरचे आहे. जिथे चादर विणली जाते त्या घरात एक रात्र राहिलेला माणूस तिची किंमत करताना घासाघीस करणार नाही.

महापालिकेने वाड्यांची यादी करून राहत्या, दुरुस्त वाड्यांना करात सवलत द्यावी. इथल्या सहकारी बँकांनी माळवद-दुरुस्तीसाठी कमी व्याजाचे कर्ज सुरू करावे. वारसांनी बिल्डरच्या करारावर सही करण्याआधी दोन खोल्या दुरुस्त करून पाहाव्यात. आणि आपण जुळे सोलापूरकरांनी लग्नाचे वऱ्हाड उतरवताना आधी पेठेतल्या वाड्यात चौकशी करावी. पहिले गिऱ्हाईक गावातलेच असावे लागते.